शाळेच्या वेबसाईटवर मुलांचे फोटो सुरक्षितपणे कसे टाकायचे?

शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या वेळच्या सणाच्या) कार्यक्रमाचे मोबाईलवर काढलेले फोटो शाळेच्या साईटवर तसेच टाकले तर चालतील का, असं विचारलंय तुम्ही. तसेच नकोच. आधी पालकांची लेखी परवानगी घ्या, २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितलीय, आणि कोणी नको म्हटलं तर त्या मुलाला वाईट वाटणार नाही असा दुसरा फोटो निवडा.

मग फोटोच्या आतली माहिती, हिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फाईलमध्येच लिहिले जातात. शाळेचा पत्ता सगळ्यांना माहीत असतोच हो, पण फोंड्यातल्या एखाद्या मुलीचा स्वतःच्या अंगणात घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवतानाचा फोटो पालकांनी पाठवला तर तिचं घरच नकाशावर सापडेल ना! विंडोजमध्ये फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडा, तिथे खालीच माहिती काढून टाकायची लिंक आहे, तिच्यातून साफ कॉपी बनते, तीच अपलोड करा.

फाईलच्या नावात मुलाचं नाव, इयत्ता अजिबात नको, कारण ते सर्चमध्ये येऊ शकतं. 'शिगमो-घुमट-१' पुरे. फोटोखालीही पूर्ण नाव नको, गळ्यातलं ओळखपत्र दिसत असेल तर क्रॉप करा. रुंदी साधारण १२०० पिक्सेल ठेवा, पान पटकन उघडतं आणि मोठ्या ग्रुपच्या फोटोत झूम करूनही चेहरे फार स्पष्ट दिसत नाहीत. आणि अपलोडचा पासवर्ड स्टाफच्या ग्रुपवर टाकू नका प्लीज.