अल्बमचं रेकॉर्डिंग पाहायला मिळणार असेल, तर स्टुडिओत नेमकं काय पाहावं?

सांगलीत ओळखीच्या गायिका अभंगांचा नवा अल्बम करताहेत, दोन दिवस स्टुडिओत बसायची परवानगी मिळाली आहे, लक्ष कशाकडे ठेवू, असं तुम्ही विचारलंय. माझं आग्रहाचं सांगणं एकच: रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीचा तासभर चुकवू नका. ओळ पुन्हा गाता येते, पण वाद्यं जुळवताना राहिलेली खोट मिक्सिंगमध्येही निघत नाही.

आधी पेटी. तिचे सूर जागच्या जागी चढवता-उतरवता येत नाहीत, म्हणून तंबोरा, तबला, पखवाज सगळ्यांनी तिच्याशी जुळवायचं. तंबोरा मोबाइलच्या ट्यूनरवर ४४० हर्ट्झच्या (सुराची उंची मोजायचं प्रमाण माप) हिशेबाने लावला आणि पेटी ४४२ची निघाली, तर दोन्ही एकत्र वाजताना सूर हेलकावतो. पुढे कीबोर्ड डब करणार (मागाहून वेगळा वाजवून जोडणार) असतील तर त्याचं ट्यूनिंगही तेवढंच सरकवावं लागतं. हे विसरतात, आणि मग गाणं बोचतंय कुठे हे शोधत बसतात.

तंबोरा बहुधा मिरजेचा असेल (तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं). घोडीवर तारेखाली सरकवलेला सुती दोरा बघा. तो केसभर हलला तरी जवारी (तारेची घुमती झणझण) बंद पडते. आणि एसीकडे लक्ष ठेवा. त्याचा आवाज माइक पकडतो म्हणून टेकच्या (एकेका ध्वनिमुद्रणाच्या) वेळी तो बंद करतात, खोली तापते आणि तारा उतरतात. म्हणून एसी बंद करून दहा मिनिटं गेल्यावरच जुळवलेलं बरं. पखवाजाचं उलट: डाव्या तोंडाला लावलेली कणीक सुकली की हलकी होते आणि आवाज चढतो. दर दोन-तीन टेकनंतर ती ओली करून घ्यावी लागते.

गायिकेचा माइक तोंडापासून साधारण वीतभर, मध्ये पॉप फिल्टर. त्याहून जवळ गेलं की खर्ज फुगतो, आणि ‘पांडुरंग’मधला प किंवा ‘भेटी’तला भ माइकवर फुंकर मारल्यासारखा आदळतो. पातळी ठरवताना इंजिनिअर मुखडा न मागता वरच्या सुरातली सगळ्यात जोरकस ओळ गायला लावेल. आवाजाचं शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहिलं की पुरे (शून्याच्या वर आवाज फाटतो). २४ बिटच्या (हळू आवाजही बारकाईने टिपणाऱ्या) रेकॉर्डिंगमध्ये याहून वर रेटायचं काही कारण नाही, आणि फाटलेला आवाज पुन्हा जोडता येत नाही.

हेडफोनमध्येही बरंच बिघडतं. सूर नीट कळावा म्हणून गायक एक कान उघडा ठेवतात, आणि त्या मोकळ्या बाजूतून क्लिक (लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक) गळून माइकमध्ये शिरते. ती बाजू डोक्याला दाबून ठेवावी किंवा तिचा आवाज बंद करावा. गायिका ‘मला मागे पडल्यासारखं वाटतंय’ म्हणाल्या तर बफर (संगणक आवाजाचे किती तुकडे, म्हणजे सॅम्पल, साठवून मग पुढे पाठवतो) किती आहे ते विचारा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे एका बाजूने जेमतेम २.७ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१. एवढ्या उशिराने स्वतःचा आवाज ऐकू आला की लय ओढली जाते.

टाळ बहुतेक वेगळे घेतील, कारण ते गळ्याच्या माइकमध्ये घुसले की काढता येत नाहीत. क्लिक न लावता भजनी ठेका वाजला तर लय अंतऱ्यागणिक चढते, त्यामुळे तिसऱ्या टेकचा अंतरा पहिल्यात बसत नाही. चुकलेली एकच ओळ पुन्हा घ्यायची असेल तर आधीच्या ओळीपासून गात यायचं, नाहीतर श्वास मध्येच कापलेला कळतो.

मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा, नुसता सायलेंट नको. गायनकक्षात बसवलं तर बांगड्या आणि करकरणारी खुर्ची टाळा. गाणं संपलं म्हणून लगेच हलू नका. तंबोऱ्याची आस विरेपर्यंत रेकॉर्डिंग चालूच असतं, आणि पुढे रिकाम्या खोलीची तीसेक सेकंदं शांतताही घेतात, जोड भरायला. इंजिनिअरने काचेपलीकडून हात खाली केला की मगच श्वास सोडा.