कपाटाचं कुलूप आधी काढा

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इंग्रजी. बारावी सायन्सला ८४ टक्के असूनही हट्टाने आर्ट्सला गेली. आता दिवसभर जॉइस, बेकेट असे आयरिश लेखक वाचते आणि त्यातच एम.ए. करायचं म्हणते, तेही डब्लिनला. त्या लेखकांना पोटाची चिंता नसेल, हिला आहे. मी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय आणि पुस्तकं कपाटात कुलपात ठेवली आहेत. तिला समजवा. – एक पालक

उत्तर : मला काळजी वाटली ती मार्कांची नाही, कुलपाची. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलीची पुस्तकं कोंडायची आणि वर तिने मन लावून बँकेचा अभ्यास करावा अशी अपेक्षा धरायची, हे जमणारं नाही.

एडना ओब्रायन या लेखिकेचं नाव तुमच्या लेकीला विचारा. आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातली ही मुलगी डब्लिनला औषधांच्या दुकानात काम करत फार्मसी शिकली. तिचं लेखन आईला मुळीच पसंत नव्हतं. १९६० साली पहिली कादंबरी आली, ‘द कंट्री गर्ल्स’, आणि सरकारने तिच्यावर बंदी घातली. पुढे आई गेल्यावर घरात त्या कादंबरीची लपवून ठेवलेली प्रत सापडली. आक्षेपार्ह वाटलेले शब्द आईने काळ्या शाईने खोडून टाकले होते. एडना ओब्रायन आज आयर्लंडच्या थोर लेखकांत गणली जाते. पण मायलेकींमधलं ते अंतर वाचून मला आजही वाईट वाटतं, आणि तुमच्या घरात त्याची सुरुवात झालेली दिसते.

‘पोटाची चिंता नसेल’ हा तर निव्वळ गैरसमज. जॉइस आजच्या इटलीतल्या त्रिएस्ते शहरात इंग्रजीच्या शिकवण्या करत असे, तरी भावाकडे हात पसरावा लागे. त्याचा ‘डब्लिनर्स’ हा कथासंग्रह प्रकाशकांच्या नकारांत वर्षानुवर्षं अडकून १९१४ साली निघाला. कादंबरीकार फ्लॅन ओब्रायन सरकारी नोकर होता. शेमस हीनी शेतकऱ्याचा मुलगा. बेलफास्टला शाळेत शिकवलं, कविताही लिहिल्या आणि १९९५ साली नोबेल मिळवलं. ही माणसं नोकरी सांभाळून लिहीत होती. तुमची मुलगीही नोकरी करेल. वाचन सोडायची अट कशाला?

आता थोडं लेकीशी. बेकेट आवडतो म्हणून लाखोंचं कर्ज काढून डब्लिन गाठू नकोस. आयर्लंड सरकारची परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे, ती मिळाली तर जरूर जा. नाहीतर एम.ए. इथे कर, मग प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट परीक्षा. त्याआधी क्लेअर कीगन या आयरिश लेखिकेचं ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ घे, छोटंसंच आहे. त्यातली दहा पानं मराठीत करून बघ. ते करताना वेळेचं भान राहिलं नाही, तर अनुवाद आणि संपादन या वाटांचाही विचार कर.

बाबा, पुढचं पत्र तिला लिहू द्या. बँकेच्या परीक्षेबद्दल तिचं म्हणणं काय, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही.