वाचकांचे प्रश्न : क्वेंटिन ब्लेकची रेघ

प्रश्न : ताई, माझी लेक अकरा वर्षांची आहे. रोआल्ड डालची पुस्तकं वाचून वाचून तिला क्वेंटिन ब्लेकच्या चित्रांचं वेडच लागलंय, दिवसभर तशीच माणसं काढत बसते. पण खरं सांगू का, मला ती चित्रं घाईत खरडल्यासारखी वाटतात, रंगही रेघेच्या बाहेर गेलेला असतो. तिला आधी नीट, स्वच्छ काढायला शिकवू, की हे चालू देऊ?

उत्तर : चालू द्या, अगदी बिनधास्त चालू द्या. पण तुम्हाला घाई वाटतेय ना, त्यामागे काय काय आहे ते सांगते, म्हणजे लेकीच्या शेजारी बसून चित्रं बघायला तुम्हालाही मजा येईल.

ब्लेक आधी साध्या कागदावर रफ चित्र काढतात. मग ते रफ लाइटबॉक्सवर ठेवतात, म्हणजे खालून दिवा लावलेल्या काचेच्या पेटीवर, आणि त्यावर जाड वॉटरकलर पेपर. आता आपल्यासारखं कोणी असतं तर खालची रेघ गिरवून मोकळं झालं असतं, पण ब्लेक गिरवत नाहीत. उलट खालचं रफ फार स्पष्ट दिसूच नये असं त्यांना हवं असतं, कारण वरची रेघ पहिल्यांदाच उमटतेय अशी यायला हवी, कोण कुठे आहे एवढा अंदाज मिळाला की त्यांना बास. आणि सुरुवात कुठून करतात माहितीये? जे सगळ्यात अवघड आहे तिथून. एखादा नेमका भाव, उभं राहायची ढब, असं काहीतरी. ते बिघडलं तर कागद बाजूला ठेवून परत नव्याने, फार काही वाया गेलेलं नसतं. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी स्वतः सोपं ते आधी काढायची सवय सोडली. तोपर्यंत माझं व्हायचं असं की कपडे, खुर्ची, पडदे सगळं मस्त जमायचं आणि शेवटी चेहऱ्यावर येऊन चित्र मरायचं.

रेघ काढायला त्यांच्याकडे दौतीत बुडवायच्या खरखरीत निबा असतात, कधी कधी पिसाची लेखणीसुद्धा. ही निब कागदावर जरा अडखळते, मध्येच शाई जाड पडते, मध्येच रेघ तुटते, आणि त्यामुळेच त्यांची माणसं सारखी हलतायत असं वाटतं. शाई मात्र वॉटरप्रूफ लागते, नाहीतर वर वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या पातळ रंगाचा हात, दिला की सगळी रेघ फुटणार (लेकीला हे आधीच सांगून ठेवा, साध्या फाउंटन पेनाच्या शाईने केलं तर रडू येईल).

आता रेघेबाहेर गेलेल्या रंगाचं. आकार काय आहे ते रेघेने सांगून झालेलं असतं, मग रंगाने तेच काम परत का करायचं? रंगाकडे उजेड आहे, हवा आहे, मूड आहे. कडेपर्यंत काटेकोर भरलं की चित्र गोठल्यासारखं होतं, थोडं कोरं सोडलं, थोडं बाहेर जाऊ दिलं की श्वास घेतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या मते मायकेल रोझन यांचं २००४ चं 'सॅड बुक'. रोझन यांचा मुलगा अठराव्या वर्षी गेला, त्या दुःखाबद्दलचं हे पुस्तक. त्याच्या पहिल्याच चित्रात माणूस चक्क हसतोय, आणि शब्द सांगतात की हा खरं तर दुःखी आहे, आनंदी असल्याचं दाखवतोय. पुढे एकेका पानावर करडा वॉश असा काही पसरलेला आहे की पोटात कालवतं. शेवटच्या चित्रात मेणबत्तीसमोर बसलेला माणूस, शब्द एकही नाही. डालच्या गोष्टीतल्या खट्याळ मटिल्डाला जो हात काढतो तोच हात हे काढतो, ढंगही तोच, फक्त पाण्यात रंग कोणता आणि किती एवढाच फरक. लेक थोडी मोठी झाली की दोघी मिळून बघा.

आणि लाइटबॉक्स नसला तरी अडत नाही. दिवसा खिडकीच्या काचेवर रफ चिकटवायचं, वर दुसरा कागद. फक्त तिला बजावा, गिरवायचं नाही.

प्रश्न : मी इंग्रजी साहित्यात बीए करतोय, आर्ट कॉलेजला गेलो नाही याची आता रोज खंत वाटते. पुस्तकांसाठी चित्रं काढायचं काम मला कधी मिळू शकेल का?

उत्तर : योगायोग बघा, वरच्या उत्तरातलेच ब्लेक घ्या. १९३२ चा जन्म, सोळाव्या वर्षी 'पंच' या इंग्लिश साप्ताहिकात पहिलं चित्र छापून आलं, आणि तरी पुढे केंब्रिजला जाऊन शिकले काय, तर इंग्रजी साहित्य. त्यानंतर शिक्षकाचं ट्रेनिंग घेतलं. चित्रकलेचं म्हणाल तर चेल्सीच्या आर्ट स्कूलमध्ये लाइफ ड्रॉइंगच्या वर्गांना जात होते, म्हणजे समोर मॉडेल बसवून माणसाचं शरीर काढायचं. हा भाग तुम्ही अजिबात टाळू नका. ब्लेकची माणसं कितीही वेडीवाकडी असली तरी वजन कुठल्या पायावर आहे ते बरोबर कळतं, ते उगाच येत नाही.

मुलांसाठीचं पहिलं पुस्तक १९६० मध्ये, मित्र जॉन योमन यांच्या गोष्टींना चित्रं. डाल भेटले ते १९७८ च्या पुस्तकात, म्हणजे मध्ये अठरा वर्षं मासिकं, मुखपृष्ठं, इतरांची पुस्तकं आणि शिकवणं असं सगळं चालूच होतं. त्याच १९७८ पासून १९८६ पर्यंत ते रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये इलस्ट्रेशन विभागाचे प्रमुख होते. १९९९ मध्ये ब्रिटनचे पहिले चिल्ड्रन्स लॉरिएट (मुलांसाठी लिहिणाऱ्या-चित्रं काढणाऱ्यांना मिळणारा मान), २००२ मध्ये बालसाहित्यासाठीचा आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार. म्हातारपणीसुद्धा थांबले नाहीत, हॉस्पिटलच्या भिंतींसाठी चित्रं केली, फ्रान्समधल्या आँजे इथल्या प्रसूती विभागासाठी तर पाण्याखाली पोहणाऱ्या आया आणि बाळं काढली. बाळंतपणाला आलेल्या बाईला ते बघून काय वाटत असेल, मला तर नुसत्या कल्पनेनेच बरं वाटतं.

साहित्याचं शिक्षण इथे खूप उपयोगी पडतं बरं का, कारण कुठला क्षण काढायचा आणि कुठला लेखकाच्या शब्दांवर सोडायचा, हे ओळखायला आधी नीट वाचता यावं लागतं. तेव्हा बीए पूर्ण करा आणि आठवड्यातून एकदा तरी लाइफ ड्रॉइंगला बसा.

प्रश्न : डालच्या सगळ्या पुस्तकांची चित्रं पहिल्यापासून ब्लेकचीच आहेत का? आमच्यात पैज लागलीये.

उत्तर : नाही. चार्लीची चॉकलेट फॅक्टरी १९६४ ची, तिला आधी इतरांची चित्रं होती, ब्लेकची आली १९९५ मध्ये, डाल जाऊन पाच वर्षं झाल्यावर. दोघांनी खरंच मिळून केलेल्या कामाचा माझा आवडता किस्सा 'बीएफजी'चा, म्हणजे 'बिग फ्रेंडली जायंट' या प्रेमळ राक्षसाच्या पुस्तकाचा, १९८२. राक्षसाच्या पायात आधी मोठाले बूट होते, ते काही दोघांना पटेना, काय घालावं सुचेना. मग एक दिवस ब्लेकच्या घरी पोस्टाने एक विचित्र पार्सल आलं, उघडलं तर आत डालची स्वतःची सँडल. पुस्तकात राक्षसाच्या पायात आहे ती तीच.