ऑक्सिटोसिन, माकडं आणि गंगावेशीतली म्हैस

प्रश्न थोडक्यात असा होता: ऑक्सिटोसिनचा वाफारा दिल्यावर माकडांतली दादागिरी कमी झाली असं वाचलं, मग हे खरंच प्रेम वाढवणारं हार्मोन आहे का, आणि ऑनलाइन मिळणारा नाकातला स्प्रे घरातल्या चिडक्या माणसाला दिला तर चालेल का?

मी जनावरांचा डॉक्टर, करवीर तालुक्यात प्रॅक्टिस करतो. माकडांवर मी संशोधन केलेलं नाही, पण या हार्मोनशी रोजचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जाता ना, तिथं एकदा ग्लास बाजूला ठेवून म्हशीकडं बघा. गवळी बसल्या बसल्या धार काढत नाही. आधी आचळं धुतो, कास चोळतो. थोडा वेळ काहीच होत नाही, मग आचळं टरारून भरतात. म्हैस पान्हवली. चोळल्याचा निरोप मज्जातंतूंवाटे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला जातो, त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि कासेतल्या बारीक दूधपिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतं. म्हशीचं जवळजवळ सगळं दूध या वरच्या पिशव्यांतच असतं, त्यामुळं पान्हा नाही तर दूध नाही. तेवढ्यात कुत्रं अंगावर आलं किंवा धार काढायला नवाच माणूस बसला, की ॲड्रेनालिन हे भीतीच्या वेळचं हार्मोन आडवं येतं आणि म्हैस दूध चोरते. म्हणजे जवळ कोण आहे, यावर सगळं ठरतं. माकडांचे प्रयोग वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

रेणू तोच आहे. नऊ अमिनो आम्लांची साखळी. म्हशीत, माणसात, उत्तर भारतात दिसणाऱ्या रीसस माकडात अगदी सारखी. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट या छोट्या माकडात मात्र आठवं अमिनो आम्ल वेगळं असतं. बदलतं ते मेंदूत या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारे रेणू, कुठं बसलेत हे. उंदीरवर्गीय प्राण्यांत ते वासाशी संबंधित भागांत भरपूर, तर रीससमध्ये नजर आणि लक्ष सांभाळणाऱ्या भागांत सापडले. साहजिकच आहे. माकड समोरच्याला ओळखतं ते तोंड बघून.

आता तुम्ही वाचलेला प्रयोग. जियांग आणि प्लॅट या संशोधकांनी तो 2018 मध्ये प्रसिद्ध केला. रीससचे नर जोडीजोडीनं समोरासमोर बसवले. ऑक्सिटोसिन हुंगवल्यावर वरचढ नर निवळले, दबलेले नर जरा धीट झाले आणि दोघं एकमेकांच्या हालचालींना चटकन प्रतिसाद द्यायला लागले. व्हॅसोप्रेसिन या दुसऱ्या हार्मोननंही बरंचसं तसंच घडलं, हे बातम्यांत सहसा येत नाही. आधी 2013 मध्ये प्लॅट यांच्याच गटानं दाखवलं होतं, की ऑक्सिटोसिननं माकडांची दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरची सततची पाळत सैल पडते. माझ्या मते खरी मेख इथंच आहे. रीससच्या कळपात खालच्या माकडाचा निम्मा जीव वरच्यावर डोळा ठेवण्यात जातो. ती भीती उतरली की बाकीचं वागणं आपोआप मोकळं होतं. त्याला प्रेम म्हणायचं का, तुम्ही ठरवा.

त्याच गटाचा 2012 चा प्रयोग तर मला जास्तच आवडतो. माकडासमोर पर्याय ठेवले: रस स्वतःला, शेजाऱ्याला, किंवा कुणालाच नाही. ऑक्सिटोसिननंतर ‘शेजाऱ्याला की कुणालाच नाही’ या निवडीत ते शेजाऱ्याला जास्त वेळा रस देऊ लागलं. पण ‘मला की शेजाऱ्याला’ असं विचारल्यावर पहिल्या दोन तासांत उलट स्वतःचंच जास्त बघू लागलं! खिशाला चाट नसेल तेव्हा सगळेच दानशूर.

जंगलात वाफारा देता येत नाही, म्हणून तिथं संशोधक पानांवर पडलेली लघवी गोळा करतात. आमच्याकडं सॅम्पल घेताना म्हैस निदान दावणीला असते. हे लोक चिंपांझींच्या मागं दिवसभर रान तुडवतात. युगांडातल्या बुडोंगो जंगलात 2013 मध्ये दिसलं, की ज्याच्याशी गट्टी आहे अशा सोबत्याबरोबर एकमेकांचे केस विंचरून झाल्यावर ऑक्सिटोसिन वाढलेलं असतं, मग तो सोबती रक्ताचा असो वा नसो. परक्याबरोबर तेच केलं तर तसं वाढत नाही. आणि आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात 2017 मध्ये कळलं, की शेजारच्या टोळीशी भिडण्याआधी आणि भिडताना ते चढलेलं असतं. आपल्यांना घट्ट बांधणारं रसायन परक्यांवर चालून जातानाही कामाला येतं. वर्तमानपत्रातल्या ‘प्रेमाच्या हार्मोन’मध्ये ही बाजू गाळलेली असते.

आंबा घाटात रस्त्याकडेला बसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांना हे सगळं लागू होईल, असं धरून चालू नका. ती बॉनेट मकाक, म्हणजे रीससहून वेगळी जात. त्यांचे नर एरवीही एकमेकांना मिठ्या मारतात, शेजारी बसून उवा काढतात. रीससइतकी कडक उतरंड त्यांच्यात नाहीच.

आता स्प्रे. माणसांवरचा 2005 चा झुरिकचा प्रयोग, ज्यात स्प्रेनं विश्वास वाढल्याचं म्हटलं होतं, नंतर पुन्हा करून बघितल्यावर तसा खात्रीनं उतरला नाही. ऑनलाइन बाटलीत नेमकं काय आणि किती आहे, याची हमी कोण देणार? शिवाय हे गर्भाशय आकुंचित करणारं औषध आहे. घरात गरोदर बाई असेल तर असली बाटली उंबऱ्याच्या आतही आणू नका.

गोठ्यात ‘पान्ह्याचं इंजेक्शन’ म्हणून चोरून टोचतात तेही हेच. रोज टोचलेल्या म्हशीला त्याची सवय लागते, मग सुईशिवाय ती पान्हवत नाही. असल्या म्हशी मी बऱ्याच बघितल्यात. मालकाला मी सुई बंद करायला सांगतो, धारेची वेळ आणि माणूस एकच ठेवायला सांगतो, आणि रेडकू असेल तर आधी तेच लावायला सांगतो. तुमच्या घरातल्या चिडक्या माणसाचं वय, झोप, बीपी-शुगर याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. ही माहिती घेऊन आधी माणसांच्या डॉक्टरकडं जा.