ताण, मोहर आणि एक खडू

प्रश्न असा आहे: इंजिनिअरिंगमधल्या 'मोहर्स सर्कल'ला (वस्तूच्या आत एका बिंदूवर वेगवेगळ्या दिशांना किती स्ट्रेस आहे, हे दाखवणाऱ्या आकृतीला) मराठीत 'ताणाचे वर्तुळ' म्हणावे का? आणि यातल्या 'मोहर'चा सोन्याच्या मोहरेशी काही संबंध आहे का?

'ताणाचे वर्तुळ' अजिबात नको. स्ट्रेस दिसला की ताण लिहायचा, ही खोड कुठून लागली कोण जाणे. ऑफिसातल्या स्ट्रेसला ताण म्हणा, हरकत नाही. पण परवा पुलाच्या खांबांवरच्या एका लेखात चक्क 'दाबाचा ताण' वाचला. म्हणजे ढकलून ओढणं!

ताण आला संस्कृत 'तन्' या क्रियामूळ धातूतून. धातुपाठात, म्हणजे अशा धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ 'विस्तारे' असा दिलाय. तंतू, तान, संतान ही त्याचीच पिलावळ. (तंबोरा नव्हे. तो फारसीकडून आला, हे दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं.) खरी गंमत मात्र 'तनु'त आहे. तनु म्हणजे बारीक. रबर ताणून बघा, लांब होताना बारीक होतं की नाही? पोलादही होतं, लांबीत जितके टक्के फरक पडतो, त्याच्या साधारण ०.३ पट टक्के जाडीत पडतो. इंजिनिअर याला प्वासाँचं गुणोत्तर म्हणतात. आपल्याकडे ते 'तन्' धातूच्या पोटात बसलंय!

आता वर्तुळ. आडव्या अक्षावर शून्याच्या उजवीकडे ताण, डावीकडे दाब, उभ्या अक्षावर कर्तन, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणारा जोर. म्हणजे ताणाची मालकी एकाच बाजूला. खडू दोन टोकांना धरून पिळा, ओढू नका. तरी तो मळसूत्रासारखा ४५ अंशांत तिरका तुटतो. निव्वळ पिळाच्या वर्तुळाचा मध्य शून्यावर असतो. पिळाचं कर्तन माथ्यावर, सर्वात जास्त ताण उजव्या टोकाला. माथ्यापासून त्या टोकापर्यंत कागदावर ९० अंश, खडूत त्याच्या निम्मे, म्हणजे तेच ४५. त्या दिशेला ताण सर्वात जास्त, आणि खडूला सोसत नाही तो नेमका ताणच.

म्हणून सगळ्या वर्तुळाला 'प्रतिबल'च हवं, म्हणजे स्ट्रेस, दर क्षेत्रफळामागचं बल, मग ते ओढणारं असो, ढकलणारं असो की सरकवणारं. एका जाणकारांना तो शब्द बोजड आणि घडवलेला वाटतो. ताण म्हणे 'आपला'. आपला आहेच, पण उजव्या बाजूपुरता! 'प्रतिबलात बल आहे, क्षेत्रफळ कुठंय?' असं विचारलं असतं, तर मी गप्प बसलो असतो.

हां, मोहर राहिलीच. नाण्याची मोहर फारसी, म्हणजे शिक्का. वर्तुळातले 'मोहर' म्हणजे ऑटो मोर, जर्मन इंजिनिअर. त्यांच्या नावातला 'ह' उच्चारत नाहीत, तो नुसता 'ओ' लांबवतो. तेव्हा 'मोरचं वर्तुळ'. तेही १८८२चं, तुळईतल्या प्रतिबलांसाठी असं वर्तुळ झुरिकच्या कार्ल कुलमान यांनी १८६६ मध्येच काढलं होतं.