पहिली चूक होईल त्या दिवसासाठी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मिरजेच्या लॅबमध्ये तुझं काम पक्कं झाल्याचं आईकडून कळलं. फोनवर तू पगार विचारलास, नाइट शिफ्ट विचारलीस. चूक झाली तर तिथे काय होतं, हे विचारलं नाहीस. मीही कधी विचारलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी एका आजींचं रक्त घेताना शीर सापडेना. लाल ट्यूब अर्धीच भरली. जांभळ्या ट्यूबमध्ये थोडं जास्त होतं, ते मी लाल ट्यूबमध्ये ओतलं. जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएत, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात, पोटॅशियम असतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. हाताला ते अजून ठाऊक नव्हतं. दुपारी रिपोर्ट आला. पोटॅशियम भलतंच वर, कॅल्शियम भलतंच खाली. अशा पोटॅशियमने हृदय बंद पडावं, आणि आजी तर बाहेर बाकावर नातवाला केळं सोलून देत होत्या.

सीनियर मॅडमनी आकडे बघूनच ओळखलं. "कुणाचं काम हे?" असं विचारलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. त्या म्हणाल्या, "लाल ट्यूब कमी भरली, तेव्हा काय केलंस?" मी सगळं सांगून टाकलं. रक्त पुन्हा घ्यावं लागलं. मी माफी मागितली, तशी आजींनी न बोलता दुसरा हात पुढे केला. तो हात मला आजही दिसतो.

पुढे जास्त पगारासाठी दुसऱ्या कंपनीत गेले. तिथे रिपीट सॅम्पलचे पैसे आमच्या पगारातून कापायचे. दोन महिन्यांत रिपीट जवळजवळ बंद झाले. सॅम्पल हिमोलाइज झालेलं, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटलेल्या, डोळ्यांना दिसायचं, तरी मुली गुपचूप मशीनला लावायच्या. वरिष्ठांना वाटलं, काम सुधारलं. मी आठ महिन्यांत सोडलं.

म्हणून रुजू झालीस की तिथल्या सगळ्यात नव्या मुलीला चहाला घेऊन जा आणि विचार, शेवटचं रिपीट कुणाचं झालं, आणि तिला काय म्हणाले? एचआरपेक्षा ती खरं सांगेल.

आता नावाचं. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरजेला लांबून पेशंट येतात, अथणी, जमखंडीकडचेही. "तुम्ही पाटीलच ना?" असं विचारलंस तर घाबरलेलं माणूस हो म्हणतं, आणि एका सकाळी चार पाटील असतात. "पूर्ण नाव सांगा" म्हण. कानडी पेशंट असेल तर "निम्म हेसरु येनु?", म्हणजे तुमचं नाव काय, एवढं शिकून घे. लेबल त्यांच्यासमोरच लाव, आधीही नाही आणि काउंटरवर जाऊनही नाही.

पगाराचं थोडक्यात सांगते. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुझ्यावरचा एकूण खर्च म्हणून जो आकडा सांगते त्यात, कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, तेव्हा हातात किती येणार ते विचार. नेमणूकपत्र लेखी घे. पीएफचं पासबुक स्वतः उघडून बघत जा.

सुईचं मात्र मनावर घे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नकोस. टोचलीच तर जागा दाबू नकोस, चोखू नकोस. वाहत्या पाण्याखाली साबणाने धू आणि त्याच मिनिटाला इन्चार्जना सांग. एचआयव्हीच्या बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. ओरडा बसेल म्हणून सुई लपवलेली मुलगी मी पाहिली आहे. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे रडत आली होती.

हिपॅटायटिस बीचे डोस तीन: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. पहिला रुजू होण्याआधीच घे. दिवाळीला येशील तेव्हा कार्ड घेऊन ये, मला तारखा बघायच्या आहेत.

तुझी,
मावशी