पुस्तक मिटल्यावर किती आठवतं?
अभ्यासाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, मी प्रत्येक धडा तीन-चार वेळा वाचतो. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करून ठेवतो. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, पण पेपर हातात पडला की निम्मंही आठवत नाही. घरचे म्हणतात, तुझं लक्ष नसतं. खरंच सांगतो, लक्ष असतं. मग चुकतंय कुठे?

उत्तर : लक्ष नसलेलं मूल एकच धडा चार वेळा वाचायला बसत नाही, तेव्हा तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. घरच्यांनाही हे उत्तर वाचायला दे.

चौथ्या वाचनाला प्रत्येक वाक्य ओळखीचं झालेलं असतं, आणि त्या ओळखीलाच आपण ‘येतंय’ म्हणतो. पेपरात मात्र पान समोर नसतं. तिथे मजकूर स्वतःच्या डोक्यातून बाहेर काढावा लागतो, आणि तेवढं एकच काम तू घरी कधी करत नाहीस. वाचण्याचा सराव भरपूर झाला, आठवण्याचा झालाच नाही.

म्हणून यापुढे धडा एकदाच वाच, पण सावकाश, समजून. मग पुस्तक मीट, कोरा कागद घे आणि आठवेल ते लिहून काढ. समज, हृदयाची रचना वाचली आहेस. आकृती न बघता काढ. चार कप्पे आठवतील, महाधमनीही आठवेल. मग अडशील : त्रिदल झडप उजवीकडे की डावीकडे? लगेच पुस्तक उघडू नकोस. मिनिटभर डोकं खाजव, अंदाजाने का होईना लिही, आणि मगच पडताळ. झडप डावीकडे दाखवली असशील तर वेगळ्या शाईने उजवीकडे दुरुस्त कर. अशी अडून दुरुस्त केलेली गोष्ट सहसा पक्की बसते. दुसऱ्या दिवशी तीच आकृती पुन्हा कोऱ्या कागदावर.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी मुलांना हमखास सांगते. विद्यार्थ्यांनी छोटे उतारे वाचले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही वाचून झाल्यावर कोऱ्या कागदावर आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेले उतारे जास्त आठवत होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं : पुन्हा वाचलेल्यांतलं ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यांतलं ५६. यातली पाच मिनिटांची गोष्ट लक्षात ठेव, कारण तुझी फसगत तिथेच होते. त्या संध्याकाळी तुझीच पद्धत बरोबर वाटते.

कोऱ्या कागदाची पद्धत सुरुवातीला अतिशय नकोशी वाटेल. तासभर वाचून पाचच ओळी लिहिता आल्या की आपण ढ आहोत असं वाटायला लागतं. पण तू ढ नाहीस. मेंदूला ताण पडतोय, आणि पक्कं होण्याचं काम त्या ताणातूनच होतं. पिवळ्या रेघा मारताना ताण नसतो, म्हणून त्या इतक्या सुखाच्या वाटतात.

एक मात्र सांभाळ. आठवून लिहिणं म्हणजे घोकलेलं ओकणं नव्हे. न्यूटनचा तिसरा नियम शब्दाला शब्द म्हणणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. त्यांना विचारायचं, ‘घोडा गाडी ओढतो, गाडीही घोड्याला तेवढ्याच बलाने मागे ओढते. मग गाडी हलते कशी?’ की सगळा वर्ग गप्प. ती दोन बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात, त्यामुळे एकमेकांना रद्द करत नाहीत. गाडी हलेल की नाही हे फक्त गाडीवर लागणाऱ्या बलांवरून ठरतं. हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, त्याला नियम आला. तेव्हा कागदावर नुसतं ‘काय’ लिहून थांबू नकोस, प्रत्येक ठिकाणी स्वतःला ‘का’ विचार.

प्रश्न : माझी मुलगी परीक्षेआधीच्या आठवड्यात दिवसाचे दहा-दहा तास अभ्यास करते, रात्री जागते. गुणही बरे मिळतात. पण पुढच्या सत्रात मागचं काहीच आठवत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वेळापत्रक कसं करावं?

उत्तर : मुलगी कष्टाळू आहे. तिचे तास वाढवू नका, ते पसरवून द्या.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली विसरण्यावर एक पुस्तक लिहिलं. निरर्थक अक्षरसमूहांच्या लांबलचक याद्या तो स्वतःच पाठ करायचा, आणि काही वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कष्ट वाचतात ते मोजायचा. त्याला आढळलं की विसरणं सुरुवातीला फार झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. अर्थ असलेला, समजलेला मजकूर इतक्या वेगाने जात नाही हे खरं, पण उताराची तऱ्हा साधारण तीच. एकाच दिवशी सलग उजळण्या करण्यापेक्षा त्याच उजळण्या अनेक दिवसांत विभागल्या तर पाठांतर टिकतं, हेही त्याला दिसलं होतं. नंतरच्या कितीतरी प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला आहे.

तेव्हा आज शिकलेलं उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्याने. दर वेळी वर सांगितलं तसं, पुस्तक मिटून. पहिल्या उजळणीला अर्धा तास लागला तर चौथीला दहा मिनिटंही पुरतील. थोडं विसरायला झालेलं असताना उजळणी आली तर उत्तमच.

व्याख्या, सनावळ्या, परकी भाषेतले शब्द यांच्यासाठी चिठ्ठ्या करा : एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सेबास्टियन लाइटनरने १९७२ साली यासाठी कप्प्यांची युक्ती मांडली. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे अधिकाधिक अंतराने. वेळ आपोआप अवघड चिठ्ठ्यांना मिळतो. चिठ्ठ्या तिने स्वतः लिहाव्यात, प्रश्न काय विचारायचा हे ठरवतानाच निम्मा अभ्यास होतो.

जागरण मात्र बंद करा. हे मी कळकळीने सांगते आहे. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होत असतं. झोप तोडून केलेला अभ्यास म्हणजे एका हाताने लिहिलेलं दुसऱ्या हाताने पुसणं.

आणि तुमच्यासाठी एक विनंती. ‘आज किती तास बसलीस?’ हा प्रश्न घरातून काढून टाका. त्याऐवजी विचारा, ‘आज शिकलीस त्यातलं एक मला समजावून सांगशील?’ तुम्हाला तो विषय येत नसेल तर अधिकच चांगलं. न येणाऱ्याला समजावताना ती जिथे अडखळेल, तिथेच तिची पुढची उजळणी आहे. अडखळली म्हणून रागावू नका.

प्रश्न : मला चित्रं बघून जास्त समजतं. म्हणजे मी ‘बघून शिकणारी’ आहे. मग वाचणं सोडून फक्त व्हिडिओ बघितले तर चालेल का?

उत्तर : नाही. चित्र आवडणं वेगळं आणि चित्रातूनच शिकता येणं वेगळं. ‘बघून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’ अशी वर्गवारी करून तसं शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा आधार नाही, असं हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन तपासून सांगितलं. माध्यम विषय ठरवतो : नकाशा बघायचा, कविता ऐकायची, गणित हाताने सोडवायचं. व्हिडिओ जरूर बघ, पण मध्ये थांबवून पुढची पायरी स्वतः लिहून बघ.

प्रश्न : गणिताच्या प्रत्येक प्रकरणातली सगळी उदाहरणं मला सुटतात. परीक्षेत मात्र कोणती पद्धत लावायची तेच कळत नाही.

उत्तर : प्रकरणाच्या शीर्षकानेच तुला पद्धत सांगून टाकलेली असते. वर्गसमीकरणं अवयव पाडून सोडवण्याच्या पाठात वीस गणितं असतील, तर वीसही अवयवांनीच सुटणार. निवड करायची वेळच येत नाही.

केली टेलर आणि डग रोहरर यांनी २००७ साली घनाकृतींच्या घनफळाच्या गणितांवर प्रयोग केला. एका प्रकारची सगळी गणितं आधी संपवून मग दुसरा प्रकार घेणाऱ्यांची सराव करताना ८९ टक्के बरोबर आली. प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची फक्त ६०. आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा पहिल्या गटाला २० टक्के आली आणि दुसऱ्याला ६३. एवढा फरक पाहून मी स्वतः सरावाचे कागद नव्याने लिहायला घेतले होते.

तू असं कर. नवी पद्धत शिकताना पहिली पाच-सहा गणितं सलग सोडव. त्यानंतर वेगवेगळ्या पाठांतली गणितं एका कागदावर उतरव, पाठाचं नाव न लिहिता. आणि ती सोडवू नकोस. प्रत्येकासमोर फक्त लिही, कोणती पद्धत आणि का. ही तीन बघ :

क्ष² = ४९
क्ष² − ५क्ष + ६ = ०
क्ष² − ४क्ष + १ = ०

पहिल्यात क्षचं पद नाही, दोन्ही बाजूंचं वर्गमूळ काढलं की झालं. मात्र उणे सात विसरायचं नाही. दुसऱ्यात गुणाकार ६ आणि बेरीज ५ देणारे २ आणि ३ सापडतात, म्हणून अवयव. तिसऱ्यात गुणाकार १ आणि बेरीज ४ देणाऱ्या पूर्ण संख्या शोधत बसलास तर वेळ जाईल. तिथे सूत्र लावायचं किंवा पूर्ण वर्ग करायचा, उत्तर २ ± √३. हा विचार दहा गणितांवर केलास तरी वीस मिनिटांत होईल.

चुकलेल्या गणितांची वही वेगळी ठेव. त्यात उत्तर उतरवू नकोस, पद्धत का चुकली ते एका ओळीत लिही, आणि पंधरवड्याने तीच गणितं नव्याने सोडव. ‘निष्काळजीपणा’ एवढंच कारण लिहिशील तर मी ते मान्य करणार नाही. चिन्ह सुटलं, की कंस उघडताना शेवटचं पद राहिलं? नेमकं काय झालं ते लिही.